गोची झाली तर कँटनीजमध्ये काय म्हणायचं? हाँगकाँगला नवीन आलेल्यांसाठी

हाँगकाँगमध्ये इंग्लिशवर दिवस निघतात हे खरंय. एमटीआरमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, अनाउन्समेंट तीन भाषांत होतात, ऑफिसची मेल इंग्लिशमध्ये, बऱ्याच ठिकाणी मेनूही इंग्लिशमध्ये, आणि पार्किंगचे पैसे भरायच्या खिडकीवर तर चक्क 'श्रॉफ' लिहिलेलं असतं, आपला सराफच तो, ब्रिटिशांबरोबर इथे आला आणि राहून गेला. त्यामुळे नवीन माणसाला वाटतं की कँटनीज नाही आली तरी काय अडतंय. अडतं तेव्हाच, जेव्हा काहीतरी बिनसतं. ऑर्डर चुकली, क्लायंट भडकला, घरमालकाचा फोन आला, लिफ्ट बंद पडली, की आजूबाजूचे सगळे एका सेकंदात कँटनीजवर जातात आणि आपण मध्ये उभे, चेहऱ्यावर नुसतं हसू. ते का हसतायत आणि का चिडलेत यातलं काहीच कळत नाही.

तर हा लेख त्या वेळेसाठी आहे. नमस्कार, थँक्यू, किती पैसे झाले हे कुठल्याही ॲपमध्ये मिळेल. इथे फक्त फजिती, पंचाईत, लोचा, वाट लागली या खात्यातले शब्द आणि म्हणी, आणि त्या कुठल्या क्रमाने शिकायच्या ते. एक नियम मात्र सुरुवातीलाच सांगते आणि मधेमधे परत सांगणारे: यातलं प्रत्येक वाक्य आधी स्वतःबद्दल बोलायचं. स्वतःबद्दल बोललात की लोक हसतात आणि मदतीला येतात, तेच दुसऱ्याबद्दल चारचौघांत बोललात की त्याचं तोंड पाडल्यासारखं होतं, आणि बॉसबद्दल तर विचारही करू नका.

पायरी पहिली: आवाज बसवा

इथे मराठी माणसाला एक मोठा फायदा आहे जो कोणी सांगत नाही. इंग्लिश बोलणाऱ्यांना प आणि फ, त आणि थ, क आणि ख यातला फरक ऐकायला त्रास होतो, आपल्याला तो बाळपणापासून येतो, आणि कँटनीज नेमकी त्याच फरकावर चालते. शिकायच्या ॲपमध्ये आणि डिक्शनरीत जी रोमन लिपी असते तिचं नाव युतपिंग, हाँगकाँगच्या भाषाशास्त्र संस्थेने १९९३ मध्ये काढलेली. त्यात डी लिहिलेलं असतं तिथे आपला त, टी असेल तिथे थ, जी म्हणजे क, के म्हणजे ख, बी म्हणजे प, आणि पी म्हणजे दोन्ही ओठ मिटून काढलेला जुना फ. झेड म्हणजे चमच्यातला च. ते द, ग, ब असं वाचलंत तर समोरचा समजून घेईल पण तुम्ही उगाच फुकटचा फायदा सोडताय. शिवाय अ आणि आ वेगळे, ते पण आपल्याकडे तयार आहेत: 'सम' म्हणजे मन, 'साम' म्हणजे तीन.

शब्दाच्या शेवटी प्, त्, क् आला तर तो फोडायचा नाही, तोंड त्या जागी न्यायचं आणि तिथेच थांबवायचं. खाली मी म्हणूनच हलन्त देतेय.

आता वाईट बातमी. सूर सहा आहेत आणि देवनागरीत ते दाखवता येत नाहीत. 'माइ' खालून वर चढवत म्हटलं तर विकत घेणे, खालच्या पट्टीत सपाट म्हटलं तर विकणे, म्हणजे बाजारात किती घोळ होऊ शकतो बघा. त्यामुळे खालचं प्रत्येक वाक्य वाचून पाठ करू नका, ॲपमध्ये नाहीतर ओळखीच्या माणसाकडून एकदा तरी ऐका, मग बोला. आणि बरेच लोक न च्या जागी ल म्हणतात, शब्दाच्या सुरुवातीचा ङ खाऊन टाकतात, तेव्हा इथे लिहिलंय तसं ऐकू आलं नाही तर गोंधळू नका.

पायरी दुसरी: गोची किती मोठी आहे ते ठरवा

लहानापासून मोठ्याकडे जाऊया.

सगळ्यात हलकं म्हणजे 'म् होउ यी सी'. गर्दीत धक्का लागला, वेटरला हाक मारायचीय, कोणी जास्त कौतुक केलं आणि लाजल्यासारखं झालं, सगळीकडे हेच. खरोखर चूक केली असेल तर मात्र हे पुरत नाही, तिथे 'तोइ म् च्यू' लागतं. नवीन लोक क्लायंटची फाइल हरवून 'म् होउ यी सी' म्हणतात, ते ऐकायला फार वाईट लागतं.

त्यानंतर 'काम काइ', म्हणजे अवघडल्यासारखं. (मराठी कानाला 'काम काय?' ऐकू येतं त्यामुळे एकदा ऐकलं की विसरत नाही.) जुन्या ऑफिसातली बाई लिफ्टमध्ये भेटली आणि तिचं नाव आठवत नाही, हे काम काइ. 'होउ' लावलं की खूप: 'होउ काम काइ'. तरुण मंडळी 'होउ यू' म्हणतात, यू म्हणजे मुका मार लागल्यावर पडतो तो काळानिळा डाग, चारचौघांत पोपट झाला की हा शब्द. आणि त्याहून पुढे गेलं तर 'वन कॉ लुंग क्यून', एखादं बीळ शोधून आत शिरावंसं वाटतंय. आपण धरणीमाते पोटात घे म्हणतो, इथे बीळ स्वतःच शोधावं लागतं.

ही झाली लाज. अडचण असेल तर वेगळे शब्द. 'थौ हन', डोकं खाजतंय, म्हणजे प्रश्न आहे आणि उत्तर सुचत नाहीये. 'सप् चै' हा मला स्वतःला फार आवडतो, चिनी वैद्यकातला शब्द आहे, पोटात ओलावा धरून अन्न अडकून बसणं, म्हणजे अपचनच, पण बोलताना एखादं प्रकरण चिवट आणि किचकट झालं की ते सप् चै. व्हिसाचे कागद, वारसाहक्काची भांडणं, दोन डिपार्टमेंटमध्ये अडकलेली फाइल, हे सगळं सप् चै.

'सोइ चम ङान मेइ', पाणी भुवयांपर्यंत आलंय. आपलं पाणी गळ्याशी येतं, यांचं त्याच्याही वर जातं. हे बहुतेक वेळा अशा माणसाबद्दल म्हणतात ज्याच्या भुवयांपर्यंत पाणी आलं तरी तो हलत नाहीये, त्यामुळे जपून.

आणि मग सगळ्यात मोठं, 'ताइ वॉक्'. त्याला वेगळी पायरी हवी.

पायरी तिसरी: कढईचं खानदान

ताइ म्हणजे मोठं. ताइ पो, ताइ वाइ या स्टेशनांच्या नावातलं ताइ तेच. वॉक् म्हणजे चिनी कढई, इंग्लिशमध्ये हा शब्द कँटनीजमधूनच गेला. मोठी कढई म्हणजे मोठा लोचा. एवढा एक शब्द आला तरी ऑफिसातल्या निम्म्या संकटांची चाहूल तुम्हाला वेळेवर लागेल.

एक प्रसंग सांगते, म्हणजे घरातली सगळी मंडळी एकत्र भेटतील. मी तेव्हा एका ट्रेडिंग कंपनीत होते, शुक्रवारची संध्याकाळ, अर्धे लोक बॅगा भरून बसलेले. शेजारच्या डेस्कवरचा मुलगा स्क्रीनकडे बघत एकदम गप्प झाला, मग हळूच म्हणाला, "कम छी ताइ वॉक् ला." म्हणजे, या वेळी वाट लागली. शिपमेंटच्या कागदांवर बंदराचं नाव चुकीचं पडलं होतं आणि कंटेनर क्वाइ चुंगच्या टर्मिनलवरून निघायच्या बेतात. दोन मिनिटांत त्याच्यामागे पाच जण उभे. मॅनेजर आली, तिने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पिन कॉ मे वॉक्?" कढई कोण पाठीवर घेणार? मे म्हणजे पाठीवर बांधून नेणं, बाळाला झोळीत पाठीला बांधतात त्यालाही मेच म्हणतात. खापर आपण डोक्यावर फोडतो, इथे ते पाठीवर वाहतात, बाकी प्रकार तोच. कोणी बोलेना. एक जण कागद चाळत चाळत मागच्या मागे सरकत होता, त्याच्याकडे बघून दुसरी माझ्या कानात म्हणाली, "लत् वॉक्", हा कढई झटकतोय. शेवटी सगळ्यात जुने एक काका होते ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, आधी 'पोउ वॉक्', कढईला ठिगळ लावू, म्हणजे झालेलं आधी निस्तरू, कोणाच्या पाठीवर द्यायची ते सोमवारी बघू. आणि फोन फिरवायला लागले.

तर ताइ वॉक्, मे वॉक्, लत् वॉक्, पोउ वॉक्, ही चार पाठ करा. अजून दोन ऐकू येतील. 'यत् वॉक् फोउ', कढईभर फेस, म्हणजे कुठून सुरू करावं कळू नये असा सावळा गोंधळ (इथला फ तो जुना ओठ मिटून काढायचा). आणि 'यत् वॉक् सुक्', सगळे एकाच कढईत शिजले, म्हणजे बुडालो तर सगळेच बुडालो. आणि हो, 'वॉक् हेइ' ऐकलं तर घाबरू नका, ते कौतुक आहे, मोठ्या आचेवर परतलेल्या नूडल्सना जो धुरकट वास येतो तो.

एक इशारा इथेच. अशा वेळी आणखी एक शब्द तुम्हाला सगळ्यात जास्त ऐकू येईल, 'फुक् काइ', शब्दशः रस्त्यावर पालथं पडणं. जो तो म्हणतो, टॅक्सीवाला म्हणतो, शाळेतली पोरं म्हणतात, पण ती शिवी आहे. ऐका, अर्थ समजून घ्या, बोलू नका. बाहेरच्या माणसाच्या तोंडून ती पाचपट जड लागते.

पायरी चौथी: काय काय खावं लागतं

सिक् म्हणजे खाणं. भेटल्यावर 'सिक् चॉ फान मेइ आ', जेवलात का, असं विचारायची पद्धत जुन्या लोकांत अजून आहे, अगदी आपल्यासारखीच. पण अडचणीत माणूस भलतंच खातो.

'सिक् सेइ माउ', मेलेली मांजर खाणं. मांजरीला माउच म्हणतात, आपली माऊ, काही करावं लागत नाही पाठ करायला. अर्थ असा की जे आपण केलंच नाही त्याचा दोष गिळावा लागला. मे वॉक् आणि हे जवळचे आहेत पण एक नाहीत: कढई पाठीवर घेणारा कधी स्वतःचीही घेतो, टीमचा हेड आहे म्हणून पुढे येऊन घेतो, त्यात थोडा मोठेपणा असू शकतो. मेलेली मांजर खाणाऱ्याला कोणी विचारलेलंच नसतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, त्यातला तो संन्यासी.

'सिक् निंग मुंग', लिंबू खाणं, म्हणजे पोरीला विचारलं आणि तिने नाही सांगितलं. 'सिक् पाक् क्वॉ', गिंको नावाच्या झाडाची बी खाणं, म्हणजे मरमर करून हाती भोपळा. रांगेत उभं राहून आपला नंबर यायच्या आत तिकिटं संपली, हे पाक् क्वॉ.

आणि सगळ्यात भारी: 'आ चै सिक् वॉंग लिन', मुका माणूस वॉंग लिन खातोय. वॉंग लिन ही चिनी औषधातली मुळी, आपल्या काडेचिराइतासारखी कडू जहर. मुका आहे, सांगणार कोणाला? म्हणीचा पुढचा भाग आहे 'यौ फू ची केइ ची', कडवटपणा ज्याचा त्यालाच ठाऊक. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, अगदी तंतोतंत. सासरच्यांच्या घरात राहणाऱ्या जावयापासून ते पार्टनरने फसवलेल्या दुकानदारापर्यंत सगळ्यांच्या कामाची म्हण आहे, आणि स्वतःबद्दल उसासा टाकून म्हटली तर समोरचा चहा पाजतोच.

पायरी पाचवी: अर्धंच बोला

आता थोडं वरच्या वर्गात जाऊ. कँटनीजमध्ये दोन तुकड्यांच्या म्हणी खूप आहेत, पहिला तुकडा म्हणजे चित्र, दुसरा म्हणजे अर्थ. गंमत अशी की बोलणारा पहिलाच तुकडा बोलून थांबतो, दुसरा ऐकणाऱ्याने मनात पुरा करायचा. यांना 'हित् हौ यू' म्हणतात. नवीन माणसाची इथे पार दांडी उडते, कारण मीटिंगमध्ये कोणीतरी एकदम उंदीर आणि कासवाबद्दल बोलतं आणि सगळे मान डोलावतात.

'लोउ श्यू लाइ क्वै', उंदीर कासव ओढतोय. पुढचा न बोललेला भाग: 'मोउ तेंग माइ सौ', धरायला जागाच नाही. कासवाने पाय, मान, शेपूट सगळं आत घेतलेलं, बाहेर नुसती गुळगुळीत पाठ, उंदीर गोल गोल फिरतोय. असं काम हातात आलंय की सुरुवात कुठून करायची तेच समजत नाही, तेव्हा. नवीन नोकरीत पहिल्या आठवड्यात कोणी विचारलं कसं चाललंय, तर एवढंच म्हणा, लोउ श्यू लाइ क्वै. माझ्या मते नवीन माणसाने पहिली लांब म्हण शिकायची तर हीच, एक तर ती स्वतःबद्दलच असते, आणि दुसरं म्हणजे ती ऐकली की कोणी ना कोणी खुर्ची जवळ घेऊन शिकवायला बसतं.

'च्यू पात् काइ चिउ केंग', डुकरतोंड्या पात् काइ आरशात बघतोय. हा पात् काइ कोण? शाळेत पुलकेशीच्या धड्यात ह्युएनत्संग भेटला होता ना, जो सातव्या शतकात भारतभर फिरला आणि महाराष्ट्रातही येऊन गेला, त्याच्या प्रवासावर पुढे चीनमध्ये रचलेल्या गोष्टीतला हा त्याचा डुक्कर चेला. आरशात बघितलं तर आतला पण माणूस नाही, बाहेरचा पण नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी आपणच वाईट. दोन मित्रांचं भांडण सोडवायला गेलात आणि दोघांनीही तुमच्याशी बोलणं टाकलं, की हे.

याच जातीची एक घरगुती म्हण आहे, ती मात्र पूर्ण बोलतात: 'सोन तक् कॉ छिंग, सत् सोउ यी'. दादाचं मन राखायला जावं तर वहिनी रुसते. इकडे आड तिकडे विहीर म्हणता येईल पण आड-विहिरीत जीव जातो, इथे फक्त रविवारचं जेवण बिघडतं, त्यामुळे मध्यम आकाराच्या पंचाइतीला हीच बरोबर बसते. लग्नाची यादी, मीटिंगची वेळ, ट्रिपला कुठे जायचं, सगळीकडे.

'माइ यू लोउ छुंग लोएंग', मासेवाला आंघोळ करतोय. पुढचा भाग: 'मोउ साइ सेंग हेइ'. यात कोटी आहे, सेंग हेइ म्हणजे माशाचा वास आणि सेंग हेइ म्हणजेच काही खबरबात, आशा. दोन्ही धुऊन गेलं. इंटरव्ह्यू देऊन आलात आणि तिकडून चिडीचूप, की मित्र हेच म्हणेल.

अडकलोय आणि मागे फिरता येत नाही यासाठी दोन-तीन आहेत. 'खे फू नान हा', वाघावर बसलो, उतरणं अवघड, ही जरा पुस्तकी, बातम्यांत ऐकू येते. 'सोएंग चॉ छाक् श्यून', चाच्यांच्या जहाजात चढून बसलो, हे बोलण्यातलं, विशेषतः कोणाच्या नादाला लागून अडकलात तेव्हा. आणि 'सै सप् चॉ कॉ थौ', डोकं भिजवून बसलोय आता. अर्धवट उठून जाता येत नाही. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, तेच, पण यात रडणं कमी आणि खांदे उडवणं जास्त. फ्लॅटचं रिनोव्हेशन काढलेल्या प्रत्येक माणसाने हे कधीतरी म्हटलेलं असतं.

पायरी सहावी: दुसऱ्याबद्दल बोलायचं झालंच तर

इथे तुम्ही फक्त ऐकायचं काम करा असं माझं स्पष्ट मत आहे, निदान पहिलं वर्षभर. पण कळायला हवं.

'सेइ कै छांग फान कॉइ', मेलेली कोंबडी भाताच्या टोपाचं झाकण वर ढकलतेय. डोळ्यासमोर आणा, शिजायला टाकलेली कोंबडी, पाय ताठ, झाकण काही बसत नाही. चूक उघडी पडली तरी मानायला तयार नाही त्याला हे. पडलो तरी नाक वर. ऐकायला खूप मजेशीर आहे आणि म्हणूनच धोक्याचं, तोंडावर म्हटलंत तर भांडणच.

'क्वै तेइ वै च्यू ना', जमिनीवर गुडघे टेकून डुकरिणीला खाऊ घालतोय. न बोललेला भाग असा की पैशाकडे बघून. अडला हरी गाढवाचे पाय धरी. स्वतःच्या नोकरीबद्दल मित्रांत म्हणायला उत्तम, सहकाऱ्याच्या नोकरीबद्दल अजिबात नाही.

'लम कप् हॉइ हांग', घाईची लागल्यावर खड्डा खणायला घेणं. आपण तहान लागल्यावर विहीर खणतो, यांची गरज वेगळी आहे, वेळ साधण्याची बोंब मात्र सारखीच. 'फॉंग फेइ केइ', विमान सोडणं, म्हणजे भेटायचं ठरवून टांग देणं. हे एक तुम्ही मित्राला खुशाल म्हणू शकता.

आता 'मिन', म्हणजे चेहरा, म्हणजेच इज्जत. मोउ मिन, इज्जत गेली. पेइ मिन, मान राखणं. कोणी चारचौघांत असा अडकला की त्याला माघार घ्यायला वाटच उरली नाही, तर तो 'लॉक् म् तोउ थॉइ', स्टेजवरून खाली उतरता येत नाहीये. अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? त्याला 'हा थॉइ काइ' देतो, उतरायला पायरी. वयस्कर घरमालक भाड्याच्या आकड्यावरून आवाज चढवून बसले असतील तर तुम्ही बरोबर असलात तरी म्हणायचं, माझं कँटनीज कच्चं आहे, मला ऐकण्यात गफलत झाली असेल, आपण कागद एकदा बघूया का. ते कागद बघतात, आकडा दिसतो, ते म्हणतात हां हां हेच म्हणत होतो मी, आणि चहा येतो. तुमचं मोडकं कँटनीज हे यासाठी फार उपयोगी हत्यार आहे, लवकर सुधारायची घाई करू नका. दोघांच्या भांडणात तिसऱ्याने असं सारवून घेतलं तर ते 'ता यून छोएंग'.

पायरी सातवी: बाहेर पडा

नुसतं रडगाणं येऊन चालत नाही. यांच्याकडे निस्तरायचे शब्दही तितकेच जोरदार आहेत.

'चप् सांग' हा त्यातला राजा. कँटनीज ऑपेराच्या रंगभूमीवरचा शब्द आहे (ही ऑपेरा २००९ साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली), समोरचा नट संवाद विसरला किंवा एन्ट्री चुकली तर जागच्या जागी काहीतरी सुचवून नाटक पुढे नेणं. आता सगळे सर्रास वापरतात. प्रोजेक्टर बंद पडला आणि प्रेझेंटेशन तर करायचंय, मित्र खांद्यावर हात ठेवून म्हणतो 'चप् सांग ला', बघ बाबा तुझं तू, मार वेळ.

'किन पोउ हांग पोउ', दिसेल तेवढं पाऊल टाकायचं, पुढचं पुढे. 'मा सेइ लॉक् तेइ हांग', घोडा मेला तर उतरून चालायला लागायचं, म्हणजे परिस्थिती घसरली तर रडत न बसता खालच्या पायरीवर येऊन कामाला लागणं. नोकरी गेलेला माणूस टॅक्सी चालवायला लागला तर लोक आदराने हे म्हणतात, त्यात टोमणा नसतो. 'चप् सौ मेइ' म्हणजे कोणीतरी अर्धवट सोडलेलं मागून आवरणं, आणि अशा मागे राहिलेल्या घाणेरड्या भानगडीला 'सोउ चौ सी' म्हणतात, सोउ चौ म्हणजे सुझोउ शहर आणि सी म्हणजे विष्ठा, जेवताना म्हणू नका.

सगळं करून झालं आणि तरी जमलं नाही तर 'मोउ साइ फू', मंतरलेले कागदच संपले. ताओ धर्मातले मांत्रिक भूतबाधेवर मंत्र लिहिलेले कागद देतात ते फू. हात टेकले, इतकाच अर्थ, आणि हे म्हटल्यावर कोणी जास्त आग्रह धरत नाही, म्हणून नाही म्हणायची ही एक सभ्य पद्धतही आहे.

सराव कुठे करायचा? छा छान थेंगमध्ये, म्हणजे इथल्या चहा-नाश्त्याच्या हॉटेलात, दुपारी एकच्या गर्दीत जा, तिथे अनोळखी लोकांबरोबर टेबल शेअर करायला लागतं आणि शेजारचे ऑफिसातली गाऱ्हाणीच बोलत असतात. बोलू नका, नुसतं किती वेळा वॉक् ऐकू येतं ते बघा. घरी बघायला म्हणाल तर २०१४ साली इथल्या एका कार्टूनिस्टने ८१ कँटनीज म्हणी एकाच मोठ्या चित्रात कोंबल्या होत्या, सोळाव्या शतकातल्या ब्रूगेलच्या म्हणींच्या चित्राच्या धर्तीवर, ते ऑनलाइन सापडतं. त्यात उंदीर-कासव वगैरे शोधत बसायला मुलांनाही मजा येते. आणि ऑफिसच्या ग्रुपवर लोक व्हॉइस मेसेज फार टाकतात, ते सूर ऐकायला सोन्यासारखे, परत परत लावता येतात.

शेवटची पायरी: कधी गप्प बसायचं

वरच्या यादीत 'सेइ' किती वेळा आलं बघा. मेलेली मांजर, मेलेली कोंबडी, मेलेला घोडा. सेइ म्हणजे मरणं, आणि चार या आकड्याचा उच्चारही जवळपास तोच, फक्त सूर वेगळा, म्हणून बऱ्याच बिल्डिंगमध्ये चौथा आणि चौदावा मजला नसतोच, तीननंतर थेट पाच. तेव्हा चिनी नवीन वर्षात, लग्नात, हॉस्पिटलमध्ये, घर बदलण्याच्या दिवशी या म्हणी बंद. चुकून निघालंच तोंडातून तर शेजारची मावशी 'छॉइ!' म्हणून फटकारेल, थुंकल्यासारखा आवाज असतो तो, अशुभ उडवून लावायचा. तुम्ही लगेच 'ताइ कत् लेइ सी' म्हणून टाका, म्हणजे सगळं शुभ शुभ होवो, नवीन वर्षाच्या लाल पाकिटाला म्हणतात ते लेइ सीच यात आहे. त्या दिवसांत कोणी नोकरीधंद्याचं विचारलं आणि खरंच अडचणीत असाल तर घोडा मारू नका, 'किन पोउ हांग पोउ' म्हणा, अर्थ बऱ्यापैकी पोचतो आणि मेलेलं कोणी नाही.